एरंडेल पिणारी गाडी

९ नोव्हेंबर १९३५, परतूर

आज बैलगाडी ह्यांना दिसलीच नाही!

सरळ रस्ता, लख्ख ऊन, कापसाने गच्च भरलेली गाडी, आणि दिसली नाही. मी ओरडले तेव्हा ब्रेक दाबला. बैलाच्या शिंगापासून हातभरावर थांबलो. गाडीवान बिचारा उतरून आमच्याच पाया पडला. त्याला वाटलं, चूक आपलीच. हे चाक धरून नुसते बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "उमा, मला तो ढग वाटला."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. स्वतः डॉक्टर, म्हणजे त्यांना कळून किती दिवस झाले असतील! मला आज सांगितलं. कच्चा मोतीबिंदू काढत नाहीत म्हणे, पिकू द्यावा लागतो. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. तोवर गावोगावचे रोगी कोणी बघायचे? इथून घनसावंगीपर्यंत दुसरा डॉक्टर नाही.

अंगणात उतरल्यावर म्हणाले, उद्यापासून तू चालव.

मी हसले. ते हसले नाहीत.

११ नोव्हेंबर

साधी मोटार असती तर गोष्ट वेगळी. ही शर्यतीची! निळी, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी, दोनच माणसं मावतील अशी. एका जहागीरदारांच्या मुलाने विलायतेहून मागवली होती. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं, ह्यांनी आई आणि मूल दोन्ही वाचवलं. निघताना म्हातारे जहागीरदार म्हणाले, ही गाडी घेऊन जा, नाहीतर माझा मुलगा हिच्यातच मरेल. आम्ही टांग्याने गेलो होतो, आलो हिच्यात. दुर्गावन्सं तेव्हापासून म्हणतात, दुसऱ्याची पीडा आपल्या दारात आणली.

(वन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्याचकडे असतात. मी चाकाला हात लावणार हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

१३ नोव्हेंबर

स्टेशनापलीकडच्या माळावर शिकले. शिकले कुठली — जात्यात खडे घातल्यासारखे आवाज काढले. गिअर बदलताना क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि मधल्या त्या पळभरात इंजिनाला थोडा रेटा द्यायचा. पायाचं, हाताचं, कानाचं एकदम जमलं तरच दात दातात बसतो. नाही जमलं तर सगळ्या परतूरला ऐकू जातं.

हे डावीकडे डोळे मिटून बसले होते. इंजिन ऐकत. "थांब... थांब... आता." त्या 'आता'ला हात हलवला की लोण्यात सुरी! पाचव्या फेरीला जमलं. दिसत नाही त्या माणसाने मला गाडी शिकवली, आणि तीही अशी बराबर!

नऊवारीचा फायदा आज कळला. पदर कमरेला खोचला की पाय मोकळे.

१४ नोव्हेंबर

वन्संना कळलं. जेवल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर

रोजचं लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

पहाटे उठून आधी तेल. ही गाडी साधं मोटारीचं तेल घेत नाही, हिला एरंडेल लागतं. विलायतेत डबे मिळतात. इथे आपला घाणा. कचरू — जिनिंगमधला फिटर, पन्नाशीचा, गाडीचं सगळं तोच बघतो — तो ते एरंडेल चार पदरी कापडातून दोनदा गाळून, उन्हात निवळून आणतो. थंडीत ते मधासारखं घट्ट होतं, म्हणून गाडीत ओतण्याआधी चुलीवर कोमट करायचं. मंग सहा नरम प्लग लावून हँडल फिरवायचं. गाडी तापली की ते सहा काढून सहा कडक प्लग. कडक प्लगवर थंड गाडी चालत नाही, नरम प्लगवर गरम गाडी चालली तर प्लग वितळतात. कचरूच्या भाषेत, "थंडीला नरम, गरमीला कडक. उलटं केलं का रुसून बसती."

मंग टायरमधले बाभळीचे काटे. मंग ब्रेकच्या तारा ओढून दोन्हीकडून सारख्या. मंग चहा.

वन्संचं म्हणणं, आमच्या चुलीवर औषधाचं तेल मोटारीसाठी तापतं हे बघायला मामंजी जिवंत नाहीत ते बरं.

रस्त्याने गेलो की मागे एरंडेलाचा जळका गोडसर वास राहतो. गावातली माणसं म्हणतात, डॉक्टरच्या गाडीचं पोट धरलंय.

३० नोव्हेंबर

घनसावंगी, आणि परत. पहिल्यांदा मोकळा रस्ता मिळाला.

गाडीच्या नाकाखाली एक यंत्र आहे, इंजिनात हवा कोंबणारं. कचरू त्याला भाता म्हणतो, म्हणून आम्हीही. सावकाश चालवलं तर तो गप्प असतो. आज कापूस वेचून रिकामी झालेली रानं दोन्ही बाजूंना, समोर कुणी नाही. हे म्हणाले, दाब. मी दाबलं. भाता गायला लागला! आधी डासासारखा, मग सनईसारखा, मग माझ्या दातांत, बरगड्यांत. पाठ मागच्या कातड्याला चिकटली. झाडं एकेक येत होती ती एकदम आली. काटा साठ मैलांच्या पुढे गेला.

थांबवल्यावर चाक सोडवेना. भीतीने? खरंच सांगता येणार नाही. लहानपणी गोदेचा पूर बघायला गेलो होतो, तेव्हा असंच झालं होतं. एवढं मोठं काही आपल्यासमोर आहे, आणि आपण अजून उभे आहोत.

आज ते सगळं माझ्या उजव्या पायाखाली होतं.

९ डिसेंबर

रोग्यांना कळू द्यायचं नाही, असं ठरलंय. मी शेजारी बसते. जीभ पांढरी, डोळे पिवळे, घसा लाल — हळू आवाजात सांगते. थर्मामीटर मी वाचते. नाडी, पोट, छाती ह्यांच्या बोटांना सांगावी लागत नाही. कंपौंडर भुजंगरावांना ठाऊक आहे, ते कुणाला सांगणार नाहीत. लोकांना वाटतं, डॉक्टरांची बायको फारच नाक खुपसते.

२१ डिसेंबर

बाजारातून जाताना आता पोरं मागे धावत नाहीत. सवय झाली. गोजरबाई भाजीवाली म्हणाली, बाई, तुमी गेल्यावर एक घंटा माझ्या मेथीला एरंडेलाचा वास येऊन राह्यला. मी जुडी विकत घेतली.

७ जानेवारी १९३६

कचरूने आज इंजिनाचं डोकं उघडलं. काजळी खरवडायची होती. एरंडेल जळून आत डिंकासारखं बसतं, दोन महिन्यांनी काढावंच लागतं. मी पाट घेऊन बसले आणि एक पिस्टन मीच साफ केला. हातात घेतला तर केवढा हलका! वाटीएवढा. असे सहा, आणि एका मिनिटाला चार हजार फेरे. मी तो अंगठ्याने पुसत बसले. कुठल्या माणसाने हा घडवला असेल, त्याला कल्पना तरी असेल का की परतूरच्या अंगणात एक बाई चिंचेने... नाही, चिंचेने नाही, कचरूने हात धरला. रॉकेलने घासायचा.

वन्सं ओसरीवरून बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, कडेला राहिलंय बघ थोडं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. वन्संनी एक वडी गाडीपुढे ठेवली. कुणी बघत नाही असं त्यांना वाटलं.

२७ जानेवारी

हे लिहू की नको.

आज ह्यांनी खिडकीकडे तोंड करून बोटं मोजून बघितली. म्हणाले, उजवा जल्दी पिकतोय, पावसाळ्याआधी काढता येईल. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — मग गाडी हे चालवणार.

क्षणभरच. लगेच जीभ चावली. त्यांना मात्र भीती वाटते, मला कळतं. मामंजींचा एक डोळा कुण्या फिरत्या वैदूने सुई घालून कायमचा घालवला होता. तो प्रकार ह्यांनी लहानपणी दारातून पाहिलाय. ते भीत आहेत, आणि मी इथे मोतीबिंदू सावकाश पिको म्हणते आहे! देवापुढे उभं राहवेना. हे पान फाडीन म्हणते, पण फाडत नाही. खरं एकदा तरी कुठे लिहिलेलं असावं.

४ फेब्रुवारी

मागचं डावं चाक पंक्चर. वाटेत मीच बदललं. हे स्पॅनर हातात देत होते, नंबर बोटाने चाचपून. एकही चुकला नाही.

१८ फेब्रुवारी

हात अजून नीट चालत नाहीत. अक्षर असंच येणार.

सकाळी नऊला रखमाजी आला, सहा मैलांवरच्या वस्तीचा शेतकरी. खांद्यावर पाच वर्षांची लेक चतुरा, मागे त्याची बायको झुंबरबाई धावत. म्हणाला, "डाक्टर, लेकरू शिट्टीवानी श्वास घेऊन राह्यलं." मी घसा बघितला. राखी पापुद्रा, दोन्ही बाजूंनी, मागपर्यंत. ह्यांना सांगितलं. घटसर्प. त्याच्या विषावर उतारा असलेली लस आमच्याकडे नव्हती. जालन्याच्या दवाखान्यात होती.

जालना चाळीस मैल. जालन्याहून येणारी आगगाडी संध्याकाळी. ह्यांनी पोरीच्या छातीला कान लावला आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत नाही टिकायची.

कचरू पुतणीच्या लग्नाला गेल्ता. हे पोरीला सोडून येऊ शकत नव्हते. मी निघते म्हणाले. भुजंगराव स्टेशनावरून जालन्याला तार करायला पळाले, लस दारात तयार ठेवा म्हणून. झुंबरबाईने माझा हात धरला. नुसता धरला आणि सोडला.

एकटी कधीच गेले नव्हते. आणि वेशीबाहेर पडल्यावर आठवलं, पंप! पेट्रोल पुढे यायला टाकीत हवा भरत राहावी लागते, तो हातपंप डाव्या बाजूला. रोज ते मारतात. आज डावा हात तिकडे लांबवून पंप मारायचा, उजव्याने चाक धरायचं. दर दोन-तीन मैलांना गाडी धाप टाकायची, मी वाकायचे, दहा वेळा पंप, पुन्हा सरळ. तिन्ही ओढ्यांत पाणी घोट्याएवढं. मुरुमाचा रस्ता, त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या. एका चाकोरीत शिरले तर ह्या वेगाने उलटणारच. म्हणून चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून, एका रेषेत. भाता सगळ्या रानात ओरडत होता. सत्तर पाहिले एकदा. पुन्हा काट्याकडे पाहिलं नाही.

मला सांगायचंय ते असं की गाडीने मला एकदाही फसवलं नाही. वळणावर जेवढं मागितलं तेवढं दिलं, आणि थोडं वर दिलं. ही अशी धावण्यासाठीच केलेली होती. रोज आम्ही तिला गोणी वाहायला लावत होतो, आणि ती वाहत होती.

एरवी दोन तास लागतात. आज एक तास आणि दहा मिनिटं.

जालन्याच्या बाजारात गर्दीतून रांगत जावं लागलं, त्यात दोन प्लग काळे झाले. दवाखान्याच्या पायरीशी थांबले तेव्हा ती चारच सिलिंडरवर लंगडत होती. एक नर्स ओल्या फडक्यात बाटल्या गुंडाळून उभीच होती. ती ड्रायव्हर शोधत होती! मी प्लग बदलायला लागले, बोटं भाजली, कातडं निघालं. एक म्हातारा पठाण चौकीदार माझ्या पदराला लागलेला चिखल झटकून गेला. परत निघाले.

येताना रडत होते बहुतेक. धुळीने काही कळलं नाही.

दारात आले तर आत शिट्टी ऐकू येत नव्हती. मला वाटलं, संपलं.

पोर जिवंत होती. गळ्याखाली चांदीची नळी. त्या नळीतून श्वास सूं सूं चालला होता. मी गेल्यावर तासाभरात ती निळी पडली. ह्यांनी रखमाजीला पाय धरायला लावलं, भुजंगरावांना डोकं, आणि डाव्या बोटाने गळ्याची कडी शोधून उजव्या हाताने श्वासनळी कापली. न बघता! भुजंगराव मला सांगत होते. म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी मला फक्त एवढंच विचारलं, रक्त काळं आहे का लाल."

लस सुईत मी भरली, खुणा मी वाचल्या. टोचली त्यांनी. मग बाहेर जाऊन ओसरीवर बसले. मी शेजारी बसले.

१९ फेब्रुवारी

पापुद्रा सुटायला लागलाय. पोरीने नळीवर बोट ठेवून बोलायचा प्रयत्न केला. झुंबरबाई तिथेच भिंतीला टेकून झोपली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही केलंत तसं कुणी केलं नसतं. ते म्हणाले, "पाव इंच इकडे गेलो असतो तर मी तिला मारलं असतं. जमलं, म्हणून ते बरोबर नाही ठरत." मग म्हणाले, पिकला असो नसो, मी डोळा दाखवायला हैद्राबादला जातो. ह्या हाताने आता सुरी धरणार नाही, दिसेपर्यंत.

मामंजींच्या डोळ्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

२७ फेब्रुवारी

नळी काढली. रखमाजी पोरीला घेऊन घरी. कचरू लग्नाहून आला, त्याने इंजिनाखाली तासभर डोकं घातलं. बाहेर येऊन म्हणाला, "कायबी झालं न्हाई हिला. उलट मोकळी झाली." आणि माझी बोटं बघितली. संध्याकाळी बायकोच्या हातचं लोणी पाठवलं, बोटांना लावायला.

१२ मार्च, हैद्राबाद

आगगाडीने आलो. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्याइतका पिकलाय, असं इथले डॉक्टर म्हणाले. आज सकाळी काढला. टेबलावर जाताना ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटांच्या नव्या कातड्याला पुन्हा भेग पडली.

१३ मार्च

दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही.

१६ मार्च

शिंकले. सगळे धावले. काही झालं नाही म्हणतात.

१९ मार्च

कचरूने कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलंय. दर तिसऱ्या दिवशी गाडी चालू करतो, पण अंगणाबाहेर नेत नाही. आत्याबाई तेल स्वतः तापवून देतात. (आत्याबाई म्हणजे आमच्या दुर्गावन्सं! मी दोनदा वाचलं.)

हे म्हणाले, गाडीबद्दल वाच ते पुन्हा. मी पुन्हा वाचलं.

२४ मार्च

पट्टी सुटली. त्यांनी पापण्या दोनदा मिटल्या, उघडल्या. मग म्हणाले, तुझ्या लुगड्याचा काठ हिरवा आहे.

मी त्या हिरव्या काठाला तोंड लावून रडले. सत्तावीस जानेवारीला मी जे लिहिलं ते आज मनात नव्हतं. बिलकुल नव्हतं. देवाला हे सांगितलं.

२० एप्रिल, परतूर

जाड भिंगाचा चष्मा आला. पायऱ्या अजून चुकतात, पण वर्तमानपत्र वाचतात. हैद्राबादच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, महिन्याभरात रोगी बघा, सुरी धरा, गाडी चालवा, सगळं करा.

आनंदच आहे. खरंच आहे. पण आज सकाळी तेल कोमट करताना वाटलं, हे आता कितीदा. आनंदाच्या शेजारी ते येऊन बसलं, आणि मी त्याला हाकललं नाही. माणसाच्या मनात दोघंही राहत असतील.

२६ एप्रिल

सकाळी अंगणात आले. चष्मा पुसला, गाडीभोवती एक फेरी मारली. मी चाकाच्या बाजूचं दार उघडून बाजूला उभी राहिले. ते माझ्यासमोरून गेले, वळसा घातला आणि डावीकडे जाऊन बसले.

म्हणाले, "पाच महिने नुसतं ऐकलं. आज बघू दे."

अंगणातच तीनदा बंद पाडली मी!